अनुयाचा गुडघा आणि माझा मंगळवारचा डेंटिस्ट

तिलक नगर, जयपूर
दि. २१ सप्टेंबर

तीर्थस्वरूप मंदाकिनीअक्कास,

नीलकंठचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. माझी कंबर तुला ठाऊक आहे.) ती. दाजींनाही नमस्कार सांग. त्यांची शुगर, तुझा खोकला आणि गच्चीवरची ती गळकी टाकी या तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते सविस्तर कळव. इकडे मी, विनया आणि अनुया, तिघंही बरे आहोत. एरवी हे वाक्य मी पत्राची रीत म्हणून लिहिलं असतं. या वेळी तपासून बघून लिहितो आहे, आणि पुढची सगळी हकीकत त्या तपासणीचीच आहे.

पत्र कशाला, फोनला काय झालं, असं तू विचारशील. अक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तुझी निम्मी मिरज सांगून झालेली असते. शिवाय जे सांगायचं आहे त्याची सुरुवातच कबुलीने करायची आहे, आणि कबुली समोर बसून किंवा फोनवर द्यायला मला कधी जमलेली नाही. तर कबुली अशी, की गेले पाच-सहा महिने दर मंगळवारी संध्याकाळी मी तुझा फोन उचलत नव्हतो आणि नंतर ‘डेंटिस्टकडे होतो’ असं सांगत होतो. माझे दात उत्तम आहेत. ऑफिसातही मी हेच सांगितलं होतं. शेवटी आमच्या ब्रँच मॅनेजरनी अत्यंत काळजीने विचारलं, की साहब, आपके कुल मिलाकर दाँत कितने हैं. मी खरं तर जात होतो मालवीय नगरला, एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे. दचकू नकोस. वाच.

गेल्या वर्षी जानेवारीत अनुयाचा गुडघा दुखावला हे तुला माहीत आहे. पण तेव्हा मी आधी ‘पाय जरा मुरगळलाय’, मग ‘सूज आहे’, मग ‘छोटंसं ऑपरेशन आहे’, असं हप्त्याहप्त्याने सांगितलं, त्यामुळे तुझ्या डोक्यात ते सलग नसणार. तर सलग असं. आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलची फायनल होती. मी अर्धी रजा टाकून गेलो होतो. शेवटचा सेट, जिंकायला एकच गुण हवा. आपली पोरगी नेटजवळ उंच उडाली, चेंडू मारला आणि खाली आली ती एकाच पायावर, वाकडी. गुडघ्याच्या आत एक दोरीसारखा बंध असतो, तो तुटला. चेंडू मात्र पलीकडे पडला आणि अनुयाचं कॉलेज जिंकलं. (सगळ्या पोरी आनंदाने एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि त्या गर्दीच्या मधोमध ही गुडघा धरून पडलेली. बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं होतं.)

मग ऑपरेशन, मग कुबड्या, मग दहा महिने व्यायाम. त्या दहा महिन्यांत अनुयाने एकदाही कुरकुर केली नाही. सकाळी विनया शाळेत गणित शिकवायला निघायची त्याच्या आधी हिचा पहिला व्यायाम संपलेला असायचा. डिसेंबरात डॉक्टरांनी गुडघा दुमडून, ताणून, फोटो काढून बघितला आणि म्हणाले, बेटा, हा गुडघा आता माझ्या गुडघ्यापेक्षा मजबूत आहे, जा आणि खेळ. आम्ही येताना मोतीडुंगरीच्या गणपतीला लाडू चढवले आणि प्रकरण मिटलं असं समजून घरी आलो.

प्रकरण तिथून सुरू झालं. अनुया मैदानावर गेली, बूट बांधले, धावली, आणि नेटपाशी येऊन थांबली. उडालीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्यांचे कोच देवेंद्र सर समजूतदार माणूस आहेत, ते काही बोलले नाहीत. पण बूट बांधायलाच हिला पंधरा-पंधरा मिनिटं लागायला लागली. मग कॉलेजात प्रोजेक्ट आहे म्हणून मैदानावर जाणं बंद झालं. मग मैदान दिसू नये म्हणून ती मागच्या फाटकाने कॉलेजात जायला लागली. तिची मैत्रीण सोनल, जी तिला नेटवर चेंडू उचलून देते, घरी आली, तर हिने खोलीतूनच ‘नाही म्हणून सांग’ असं आईला सांगितलं. सोनल दारातच उभी होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती ‘अच्छा आंटी, फिर आऊँगी’ म्हणून गेली.

आता माझी दुसरी कबुली. अक्का, मला मनातून बरं वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षं मी विमा कंपनीत मोडक्या गाड्यांचे दावे तपासतो आहे. रोज सकाळी माझ्या टेबलावर चेपलेले बंपर आणि फुटलेल्या काचा यांचे फोटो येतात. रस्त्यावर धावणारी धड गाडी दिसली, तरी ती आपल्या टेबलावर कधी येईल याचा अंदाज मी मनातल्या मनात बांधतो. असल्या माणसाची मुलगी जर म्हणत असेल की मी आता उड्या मारणार नाही, तर तो काय करणार? मी दुसऱ्याच दिवशी बँकेच्या परीक्षेचं एक जाडजूड गाइड आणलं. तिने ते घेतलं, ‘थँक यू बाबा’ म्हणाली आणि टेबलावर ठेवलं. जी मुलगी मी आणलेल्या चपलांच्या रंगावरूनसुद्धा माझ्याशी तासभर भांडते, तिने बँकेचं गाइड गुपचूप घेतलं. तिथेच मला कळायला हवं होतं. कळलं विनयाला. ती म्हणाली, “ही बारा दिवसांत एकदाही हसलेली नाही. मी मोजलेत.”

मग उपाय सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या तारामतीचाचींनी डिंकाचे लाडू पाठवले. (ते मी खाल्ले. माझे गुडघे सध्या फार छान आहेत.) ऑफिसातल्या एकाने ग्रहांची शांत सुचवली. आणि आमचे शेजारी नंदकिशोरजी, जे कोणत्याही अडचणीवर कुठल्या ना कुठल्या गावातला माणूस सुचवतात, ते म्हणाले की चाकसूला एक उस्ताद आहेत, हाडं बसवतात, बसलेली हाडं उठवतात, तुम्ही एकदा चलाच. विनया म्हणाली, डॉक्टरांनी गुडघा ठीक आहे सांगितलंय, चाकसूला कशाला? पण मला काहीतरी करायचं होतं, आणि गाडी चालवणं हे काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आम्ही निघालो तो दिवस नेमका शीतलामातेच्या मेळ्याचा निघाला. नंदकिशोरजींना हे माहीत होतं. तेवढ्यासाठीच त्यांनी तो दिवस निवडला होता हे मला टोंक रोडवर त्यांच्या सौभाग्यवती प्रसादाची परडी घेऊन गाडीत बसल्यावर समजलं. चाळीस किलोमीटरला साडेतीन तास लागले. ट्रॅक्टर, उंट, जीप, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, आणि त्यांच्यामधून इंच इंच सरकणारी माझी गाडी. (दोन्ही बाजूंचे आरसे घासले. मी स्वतःच्या कंपनीत दावा टाकला नाही, लाज वाटली.) त्या दिवशी तिकडे चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार जेवण जेवतात. त्यामुळे डोकं चढलेल्या मला चहासुद्धा मिळाला नाही. ताकातली बाजरीची थंड राबडी आणि थंड पुऱ्या खाऊन आम्ही उस्तादांच्या ओसरीवर बसलो. मेळ्यात पडलेल्या-धडपडलेल्यांची ही रांग होती.

उस्ताद सत्तरीचे, पांढऱ्या मिश्या, अंगठे केवढे तर माझ्या मनगटाएवढे. त्यांनी अनुयाचा गुडघा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, जरासा हलवला आणि सोडून दिला. मग तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, “घुटना तो बढ़िया है। बिटिया डरी हुई है। इसका तेल मेरे पास नहीं।” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आप इधर आइए,” आणि न विचारता माझी मान चोळायला लागले. पैसे घेतले ते माझ्या मानेचे. अनुयाचे घेतले नाहीत. परतताना गाडीत अनुया खिडकीबाहेर बघत होती. टोंक रोडला लागल्यावर म्हणाली, “बाबा, ते बरोबर बोलले.” तीन महिन्यांत तिने त्या विषयावर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी नुसता ‘हं’ म्हणालो, कारण समोर उंट होता.

दुसऱ्या दिवशी विनयाने देवेंद्र सरांना फोन केला आणि सरांनी ताबडतोब हिमानी राठौड यांचा नंबर दिला. या बाई फक्त खेळाडूंच्या मनाचं बघतात. दुखापतीतून उठलेली पोरं, शरीर बरं झालेलं, पण मन अजून त्या जागी पडलेलं. सर म्हणाले, मी तीन महिन्यांपूर्वीच सुचवणार होतो, पण पालक रागावतात. मी रागावलो नाही, घाबरलो. चार लोक काय म्हणतील, पुढे लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, लपवत नाही. डेंटिस्ट त्यातूनच जन्माला आला.

मालवीय नगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. मला वाटलं होतं आत लांबलचक कोच असेल आणि भिंतीवर कुणा दाढीवाल्याचा फोटो. प्रत्यक्षात चार खुर्च्या, एक फळा आणि कोपऱ्यात दोऱ्या, पायरी, चेंडू. हिमानी मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी अनुयाला विचारलं, झोप कशी लागते? मी सांगितलं, अकराला झोपते. त्यांनी विचारलं, मैदानावर गेल्यावर शरीरात कुठे काय वाटतं? मी सांगितलं, तिला विशेष काही वाटत नाही. त्यांनी विचारलं, तुला खेळायचंय का? मी तोंड उघडलं, तेव्हा त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, “अंकल, बाहर का कूलर बहुत अच्छा है,” की मी उठून बाहेर येऊन बसलो तरी मला बाहेर काढलंय हे पाच मिनिटांनी समजलं.

आत काय चालतं ते मला अनुयाने नंतर थोडं थोडं सांगितलं. पहिल्या दिवशी मॅडमनी तिला एक कागद दिला. त्यावर दहा वेळा ‘मैं’ लिहिलेलं, पुढची वाक्यं हिने पूर्ण करायची. हिने पहिलं लिहिलं, ‘मैं वॉलीबॉल खेलती हूँ’. मग ‘हूँ’ खोडून ‘थी’ केलं. पुढचे नऊ ‘मैं’ तसेच रिकामे. तो कागद मला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली सापडला. अक्का, मी आयुष्यात हजारो दाव्यांचे कागद बघितले, पण असलं नुकसान कागदावर बघितलं नव्हतं. वीस वर्षांची मुलगी, आणि तिला स्वतःबद्दल दुसरं वाक्य सुचत नव्हतं. मी बँकेचं गाइड उचललं आणि माळ्यावर टाकलं.

मग शिडी झाली. म्हणजे खरी शिडी नाही. मॅडमनी तिच्याकडून भीतीच्या पायऱ्या लिहून घेतल्या. सगळ्यात खालची पायरी, मैदानाच्या कडेला नुसतं बसायचं. मग बूट घालून बसायचं. मग खडूची रेघ ओलांडायची. मग एका पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायचं. एक पायरी साधली, भीती निम्मी झाली, की वरची. आणि रोज डोळे मिटून पूर्ण उडी मनात मारायची, धावण्यापासून पाय टेकेपर्यंत, न पडता. पहिले पंधरा दिवस ती मनातसुद्धा पडत होती. हे मला माहीत नव्हतं, अक्का. मनातल्या मनात पोरगी रोज पडत होती आणि मी बाहेर कूलरपुढे बसून राजस्थान पत्रिकेतलं शब्दकोडं सोडवत होतो.

पालकांनाही गृहपाठ होता. मला एकच: घरात ‘जपून’ हा शब्द उच्चारायचा नाही. मी हसलो. म्हटलं, मी कुठे म्हणतो? त्या दिवशी संध्याकाळी विनयाने जिन्यापासून झोपेपर्यंत मोजले, एकतीस. त्यात एक मी दूधवाल्याला म्हणालो होतो आणि एक टीव्हीवरच्या क्रिकेटरला. मग मी ‘सावकाश’ सुरू केलं, त्यावर बंदी आली. मग ‘बघ हं’, त्यावर बंदी. मग मी नुसता खाकरायला लागलो, तर अनुया म्हणाली, “बाबा, तुम्ही मराठीत खाकरताय.” शेवटी मी अनुया जिना उतरायला लागली की आत जाऊन नळ सोडून उभा राहायचो. तीन आठवड्यांत माझ्या तोंडातून तो शब्द गेला. तो गेल्यावर घर किती शांत आहे हे कळलं, आणि एवढी वर्षं तो आवाज कोण करत होतं तेही.

जूनमध्ये मॅडमनी आम्हा तिघांना एकत्र आत बोलावलं. मला विचारलं, उस दिन आपने क्या देखा? मी माझ्या सवयीने सर्वेक्षण अहवाल दिला. घटनेची वेळ सव्वापाच, मैदान कोरडं, प्रकाश पुरेसा, अपघातग्रस्त व्यक्ती नेटपासून दीड हातावर. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आणि तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, तिसऱ्या रांगेत. आणि तुम्ही काय करत होता? इथे माझा अहवाल संपला. अक्का, जे मी विनयालासुद्धा सांगितलं नव्हतं ते मी एका परक्या बाईसमोर, चुकीच्या हिंदीत, स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा सत्यानाश करत सांगितलं. की अनुया धावायला लागली तेव्हा मी उभा राहून ओरडलो होतो. ‘अनुया, मार!’ असं, जिवाच्या आकांताने. आणि ती उडाली. आणि मला दीड वर्ष वाटत होतं, की माझा आवाज ऐकून तिची मान क्षणभर वळली, आणि म्हणून पाय वाकडा पडला. हे सांगून मी रडायला लागलो. चष्मा काढायचंही सुचलं नाही.

अनुया माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “तुम्ही ओरडला होतात? बाबा, तिथे दोन ढोल वाजत होते. मला एक मीटरवरच्या सोनलचा आवाज येत नव्हता. तुमचा कुठून येणार?” मी म्हटलं, तू सांगायचं म्हणून सांगतेस. तर ती चिडली. खरीखुरी, चपलांच्या रंगावरून चिडते तशी. “ती उडी माझी होती, बाबा. चांगली होती. पॉइंट मिळाला तिच्यावर. ती तुम्ही घेऊ नका.” विनया माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि माझ्याऐवजी विनया तो प्यायली.

आता या पत्राचं खरं कारण, म्हणजे तू. त्याच दिवशी मॅडमनी अनुयाला विचारलं, की या सगळ्या काळात कुणाशी बोलून बरं वाटायचं? मी आणि विनया दोघंही नम्रपणे मान खाली घालून वाट बघत होतो. ती म्हणाली, “आत्याशी. आत्या मला गुडघ्याबद्दल कधीच विचारत नाही. ती तिच्या स्कूटरबद्दल सांगते.”

अक्का! तू वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्कूटर शिकते आहेस, हे मला जयपूरमध्ये एका मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत कळलं. तू चार वेळा पडलीस, कोपर सोललंस, एकदा भाजीवाल्याच्या गाड्यात शिरलीस, दाजींपासून तीन आठवडे लपवलंस, आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्या मुलीला फोन करून ते सगळं रंगवून सांगत होतीस आणि शेवटी ‘उद्या परत जाणार’ म्हणून ठेवून देत होतीस. ज्या मुलीसाठी घरात डिंकाचे लाडू येत होते, ती दारं लावून खोलीत तुझ्या कोपराचे हाल ऐकून पोट धरून हसत होती. मॅडमनी दोन वेळा विचारून घेतलं, ‘चार बार गिरीं? और पाँचवीं बार?’ मग म्हणाल्या की तुमच्या बुआजी माझं निम्मं काम फुकट करतायत. (हेल्मेट घालतेस ना? विमा उतरवला आहेस ना? लायसन्स काढलंस ना? हे मी विचारत नाही. मी बरा झालो आहे.)

तेव्हा हे आभाराचं पत्र. मला ठाऊक आहे, आपल्या घरात आभार मानले की समोरचा म्हणतो ‘परकं झालं वाटतं’. तरी मानतो. तू काही ठरवून केलं नसशील. तू आपली बोलत होतीस. पण त्या नऊ रिकाम्या ‘मैं’पैकी पहिला भरला तो तुझ्यामुळे. त्यावर आता लिहिलंय, ‘मैं आत्या की भतीजी हूँ’. बाकीचे नंतर हळूहळू भरले. त्यातला एक ‘मैं बाबा से अच्छी गाड़ी चलाऊँगी’ असा आहे, तो मी सोडून देतो.

पुढचं थोडक्यात. जुलैत एकदा मी दारात चप्पल घालत होतो आणि अनुया कपड्यांची बादली घेऊन गच्चीवरून उतरत होती. शेवटच्या दोन पायऱ्या तिने उडी मारून घेतल्या आणि तशीच आत गेली. तिला स्वतःलाच कळलं नाही. मी चप्पल हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती नेटवर उडाली. सोनलने चेंडू उचलून दिला, ही धावली, उडाली, दोन्ही पायांवर उतरली, चेंडू मात्र नेटमध्ये मारला. तरी सगळ्या पोरी किंचाळत तिच्या अंगावर पडल्या. मी आणि विनया जाळीबाहेर रस्त्यावर गाडीत बसून हे बघत होतो. विनयाने माझा हात एवढा दाबला होता की अंगठी रुतली. सगळं सरळ झालं असं नाही. पंधरा दिवसांनी तिचा पाय दुसरीच्या बुटावर पडला आणि ती खाली बसली. मी गाडीचं दार उघडलं आणि परत लावलं. ती बसल्या बसल्या काहीतरी मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. मग स्वतःच उठली, गुडघा दोनदा वाकवून बघितला आणि सर्व्हिसला गेली.

आता ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली आहे. बारा जणींत बारावी, म्हणजे बहुतेक बाकावरच बसेल, पण तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. स्पर्धा पुढच्या महिन्यात १४ ते १७ तारखेला, तुझ्या मिरजेला खेटून, सांगलीत. मी येणार नाही. हिमानी मॅडमचं म्हणणं असं पडलं, की अनुयाने हे एकटीने करणं चांगलं, वडिलांनी लांब राहावं. मी लगेच मान्य केलं. विचार केला तर पटतंही. मी या सगळ्यातून पुष्कळ शिकलो आहे, आणि मला आता कसलीच भीती उरलेली नाही, हे तुला शांत चित्ताने लिहू शकतो.

चाकसूच्या उस्तादांना मी मागच्या रविवारी जाऊन मिठाई देऊन आलो. त्यांनी माझी मान पुन्हा चोळली. देवेंद्र सरांचे आभार मानले. हिमानी मॅडमना काय द्यावं ते सुचेना, तर विनयाने पुरणपोळ्या करून दिल्या. आणि ऑफिसात परवा मी सर्वांसमोर सांगितलं की मी डेंटिस्टकडे जात नव्हतो, कुठे जात होतो ते. जेवणाच्या सुट्टीत आमचे ब्रँच मॅनेजर एकटेच माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, साहब, वो नंबर मिलेगा?

दाजींना नमस्कार. टाकीचं कळव.

तुझा धाकटा,
नीलकंठ

ता. क. : जवळच राहतेस म्हणून नव्हे, पण तू त्या चार दिवसांत स्टेडियमवर सहज जाशील का? अनुयाला दिसणार नाहीस अशा बेताने मागे कुठेतरी बस. ती मैदानात उतरली की मला फोन कर. बाकावर असली तरी कर. प्रत्येक सेटनंतर कर. पाय कसा टेकवते ते बघ, उजवा. थोडी लंगडली असं वाटलं तर सांगू नकोस. किंवा सांग. नाही, सांगच.

ता. क. २ : हे विनयाला कळायला नको. पत्र मी अनुयाकडे पोस्टात टाकायला देतो आहे, ती असल्या कागदांना हात लावत नाही, मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे.

ता. क. ३ (हे मी लिहितेय, अनुया) :
आत्या नमस्ते. पाकीट चिपकवलेलं नव्हतं, मतलब मी वाचलं. पूर्ण एक तास लागला. माझ्या मराठीत चुका आहेत, त्या सांभाळून घे. हिमानी मॅडमने बाबांना यायला मना केलंच नाहीये! मॅडमने फक्त इतकं विचारलं होतं की अंकल, आप जाएँगे? तर बाबा बोलले सोचकर बताता हूँ, आणि घरी येऊन आम्हाला असं सांगितलं. आईला आणि मला तेव्हाच समजलं, पण आम्ही काही बोललो नाही. आईने त्यांचं तेरा तारखेचं तिकीट काढलंय. सुट्टीचं पण त्यांच्या मॅनेजर सरांशी बोलून झालंय, सर बोलले ज़रूर भेजिए. बाबांना आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सांगणार, नाहीतर ते खरंच डेंटिस्टकडे जातील. ते तुझ्याकडे राहतील, मी टीमच्या सोबत हॉस्टेलला. तू त्यांना मागे नको बसवू, पुढे बसव, जिथून मी बघू शकते.

मला बाबा तिथे पाहिजेत. हे मी त्यांना स्वतः सांगणार होते, पण हिंदीत बोलले की फिल्मी वाटतं आणि मराठीत मला शब्द मिळत नाहीत. तू सांग ना, तुला येतं.